सुपरहिरो क्रॉसओव्हर : पावसाळ्याआधीपासून दिवाळीनंतरपर्यंतचा अनुभव

ठाण्याहून वाशीला रोज ट्रान्स-हार्बर लोकलने जातो. मेच्या शेवटी मार्व्हल या अमेरिकी कॉमिक्स कंपनीच्या अंकांची वर्षाची डिजिटल वर्गणी भरली, तिची प्रतिस्पर्धी डीसीचे गाजलेले क्रॉसओव्हर पुस्तकरूपात गोळा केले आणि ठरवलं, यंदा हेच वाचायचं. मुख्य गोष्ट एका मालिकेत चालते, तिचे फाटे दहा मालिकांत फुटतात आणि सगळे नायक एकमेकांच्या अंकांत घुसतात, तसले प्रकार. बावीस पानांचा अंक ठाण्याला उघडला की तुर्भ्याच्या आत संपतो. दिवाळी होऊन गेली, अजून वाचतोय. त्यामुळे आता चार शब्द लिहायला हरकत नाही.

आधी १९८४ चं 'सीक्रेट वॉर्स'. मॅटेलच्या खेळण्यांच्या जोडीने काढलेले बारा अंक, लेखन जिम शूटर यांचं, तेच तेव्हा मार्व्हलचे मुख्य संपादक. गोष्ट म्हणून फार काही हाती लागत नाही. बियॉन्डर नावाची कुणी महाशक्ती नायक-खलनायकांना उचलून एका परक्या ग्रहावर टाकते आणि म्हणते, लढा. पण त्यातली एक चलाखी मला जाम आवडली. नायक आपापल्या मालिकेच्या एका अंकात सेंट्रल पार्कमधल्या एका अजब यंत्रात शिरतात आणि पुढच्याच महिन्याच्या अंकात परत येतात, ते बदलूनच. स्पायडरमॅनच्या अंगावर काळा पोशाख. फॅन्टॅस्टिक फोरमधला थिंग परतलेलाच नाही, त्याच्या जागी शी-हल्क. मधे काय घडलं ते जाणून घ्यायचं तर वर्षभर 'सीक्रेट वॉर्स' घ्या! काळ्या पोशाखाचा उलगडा तर आठव्या अंकात. धंदेवाईक युक्ती आहे, कबूल, पण वाचताना उत्सुकता चाळवते हेही खरं.

पुढे ही युक्ती अंगवळणी पडली आणि तिथून त्रास सुरू झाला. एखाद्या छोट्या मालिकेत तुम्ही रंगलेले असता, तिचा लेखक निवांत काहीतरी उभं करत असतो, आणि मधेच वरून फर्मान येतं. क्रॉसओव्हर म्हणजे रविवारचा मेगाब्लॉक. तुमची गाडी भलत्याच लाइनवर वळवतात, नेहमीची स्टेशनं गाळतात आणि सोमवारी काही झालंच नाही अशा थाटात सगळं पूर्ववत. ज्या वाचकाला मुख्य भानगडीत काडीचा रस नाही, त्याचेही दोन-तीन अंक त्यात जातात.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण २००६ चं 'सिव्हिल वॉर'. मार्क मिलर आणि चित्रकार स्टीव्ह मॅकनिव्हन, सात अंक. स्टॅमफर्डमध्ये स्फोट होतो, शाळकरी मुलं मरतात, सरकार म्हणतं की सगळ्या सुपरहिरोंनी नाव नोंदवा. आयर्नमॅन कायद्याच्या बाजूने, कॅप्टन अमेरिका विरोधात. कल्पना पक्की आहे, वाद दोन्हीकडून रंगावा असा. पण मुख्य सात अंकांत वाद कमी आणि हाणामारी जास्त. वर तो कायदा नेमका काय म्हणतो, हे मालिकेगणिक बदलतं. एकीकडे फक्त नोंदणी, दुसरीकडे सक्तीची सरकारी नोकरी. लेखकांनी मसुदा एकमेकांना दाखवला नसावा! टोनी स्टार्क, म्हणजे आयर्नमॅन, तर काही अंकांत सभ्य माणूस आणि काही अंकांत चक्क खलनायक.

मग 'सिव्हिल वॉर' टाकाऊ का? मुळीच नाही. 'न्यू अ‍ॅव्हेंजर्स'चा बाविसावा अंक काढा. टोनी आणि त्याच्याच बाजूची नायिका कॅरल डॅनव्हर्स, ल्यूक केज या सुपरहिरोच्या घरी येतात, नाव नोंदव म्हणून समजावतात. केज काळा माणूस, हार्लेमचा. काळ्यांवर अत्याचार व्हायचे त्या जुन्या मिसिसिपीची तो त्यांना आठवण करून देतो आणि नकार देतो. बायको-तान्ह्या मुलीला कॅनडाला धाडतो. रात्री बारानंतर कायदा लागू होणार. आपण काहीच केलेलं नाही, नुसते आपल्या घरी बसलोय, तर आपल्याला पकडायला येतात का, हे त्याला बघायचं असतं. बाराला दारावर येतातच. मुख्य मालिकेतल्या सगळ्या ढिशुम-ढिशुमपेक्षा हा एक अंक भारी आहे. घणसोलीला नेटवर्क गेलं तरी अंक आधीच उतरवून ठेवलेला, त्यामुळे सलग वाचता आला.

एवढं वाचल्यावर एक गोष्ट लक्षात आली. क्रॉसओव्हर बघावा मोठ्या नायकांसाठी, पण वाचावा लहान पात्रांसाठी. मोठ्यांचं खरं नुकसान होऊच शकत नाही, त्यांच्यावर दुकान चालतं. 'सिव्हिल वॉर'च्या दुसऱ्या अंकात स्पायडरमॅन पत्रकारांपुढे मुखवटा उतरवतो. केवढा गाजावाजा! पुढच्याच वर्षी मेफिस्टो या सैतानाशी सौदा होतो, त्याचं लग्न पुसलं जातं आणि त्याची ओळख जग विसरतं. युद्ध संपल्यावर कॅप्टन अमेरिकेला गोळी घालतात, २००९ मध्ये त्याच्या परतण्याची गोष्ट सुरू. मरण कायमचं चिकटतं कुणाला, तर 'सिव्हिल वॉर'मध्ये मेलेल्या बिल फॉस्टरसारख्याला, ज्याची स्वतःची मालिका चालू नव्हती.

म्हणूनच माझ्या यादीत पहिला नंबर 'अ‍ॅनाइहिलेशन'चा. त्याच २००६ सालात, 'सिव्हिल वॉर'च्या सावलीत निघालेला. पृथ्वीवरचे बडे नायक यात जवळपास नाहीतच. अ‍ॅनाइहिलसची फौज नोव्हा कॉर्प्स हे अंतराळातलं पोलीस दल पुसून टाकते, उरतो एकटा रिचर्ड रायडर, म्हणजेच नोव्हा, आणि अख्ख्या कॉर्प्सची शक्ती व माहिती त्याच्या डोक्यात. तोवर हा पोरगा दुय्यम दर्जाचा नायक. नोव्हा, सिल्व्हर सर्फर, सुपर-स्क्रल आणि रोनन यांच्या चार-चार अंकांच्या मालिका आधी येतात, मग सहा अंकांचं मुख्य युद्ध. म्हणजे आधी माणसं कळतात, नंतर लढाई. पुढे २००७ मध्ये नोव्हाची मालिका सुरू झाली. युद्ध संपवून तो घरी येतो, तर इथे टोनी त्याला नोंदणीचं विचारतोय. तिकडे विश्व वाचवताना लोक मेले आणि तुम्ही इथे आपसांत भांडत बसलात? नोव्हाचा तो संताप वाचताना मला फार बरं वाटलं. याच वाटेवरून २००८ ची 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी' उभी राहिली, जी सिनेमामुळे आता पोराटोरांना माहीत आहे.

मोठं पात्र बाजूला झालं की धाकट्याला जागा मिळते, हे डीसीच्या 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'मध्येही (१९८५) दिसतं. सुपरगर्ल सातव्या अंकात मरते, फ्लॅश बॅरी अ‍ॅलन आठव्यात. बॅरी तब्बल २३ वर्षांनी, २००८ मध्ये परतला. मधल्या काळात त्याचा चेला वॉली वेस्ट फ्लॅश झाला आणि पिढीभराचे वाचक त्याच्यावर वाढले. ज्या अनेक समांतर पृथ्व्या एक करायला हा क्रॉसओव्हर काढला, त्यांचा पसारा मात्र डीसीला पुनःपुन्हा आवरावा लागतोय.

'क्रायसिस'चे चित्रकार जॉर्ज पेरेझ यांची चित्रं मोबाइलवर वाचू नका, एवढं कळकळीने सांगतो. 'क्रायसिस'च्या एका पानावर एवढी गर्दी की मोठं करून बघताना पुढचा-मागचा संबंध तुटतो. चौकट-चौकट दाखवणारा मोड जोडपानाची तर वाटच लावतो. २००३-०४ च्या 'जेएलए/अ‍ॅव्हेंजर्स'च्या तिसऱ्या अंकाचं मुखपृष्ठ, डीसी आणि मार्व्हलच्या दोन्ही संघांच्या आजी-माजी सदस्यांनी खच्चून भरलेलं, टॅबवरच बघावं. तसं पाहिलं तर आम्हाला क्रॉसओव्हरची गोडी फार आधीची. १९७७ मध्ये वेताळ आणि डायनाच्या लग्नाला मँड्रेक आला होता. दोघेही ली फॉक यांचेच, त्यामुळे आमंत्रणाला अडचण नसावी.

कळव्याचा भाचा विचारतो, "मामा, कुठल्या क्रमाने वाचू?" इंटरनेटवरचे शंभर-शंभर अंकांचे क्रम लावून वाचू नकोस, हे पहिलं. त्यात निम्मा भरणा असतो. आपल्याला आवडणारं एकच पात्र धरायचं, त्याच्या मालिकेतूनच तो क्रॉसओव्हर पार करायचा आणि मुख्य मालिका फक्त दुवा जोडण्यापुरती चाळायची. सुरुवात 'अ‍ॅनाइहिलेशन'ने कर. 'सिव्हिल वॉर'चा केजचा अंक सुटा वाचलास तरी चालेल.

वर्गणी डॉलरमध्ये कापली जाते, ते जरा टोचतं. तरी पुढच्या वर्षीही भरणार आहे, पण आधी मोठ्या स्क्रीनचा टॅब घेणार.