मधुमालतीची छाटणी करून घेतली, परभणीतल्या माळीमामांच्या कामाचा अनुभव

आमच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला मधुमालती आहे, दादांनी २०१० ला घर बांधलं त्याच पावसाळ्यात लावलेली. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात आईनं धुण्याभांड्याचं पाणी घालून घालून जगवली, त्यामुळं ‘काढूनच टाका ना’ असं कुणी म्हणलं की आम्हाला सहन होत नाही. पण वेल लई माजला होता हे खरं. खालचं खोड मनगटाएवढं झालं आन गच्चीच्या पाण्याच्या पाइपाला असा पिळा बसला की पाइप सांध्यातनं निसटला, पावसाळाभर पाणी भिंतीवर अन आतल्या खोलीत ओल.

दोन वर्षाखाली एकाला बोलावलं होतं, त्यानं ऐन मे महिन्यात कोयत्यानं वरचेवर भादरून दिलं. भिंत उघडी पडली, कूलर लावूनही खोलीत बसवत नव्हतं, चिरफाळलेल्या दोन फांद्या वाळल्या आन पाऊस पडल्यावर सगळी फूट वरच्या टोकालाच, खाली नुसती लाकडं.

म्हणून यंदा वसमत रोडवरच्या नर्सरीत विचारलं, त्यांनी माळीमामा पाठवले. जालन्याकडं मोसंबीच्या बागांत बरीच वर्षं काम केलेला माणूस. पहिल्या दिवशी सिकेटर म्हणजे छाटणीची कात्री पिशवीतून काढलंच नाही, नुसतं खालून वर बघत फिरले, कोणतं खोड कुठं गेलंय ते हातानं चाचपलं आन जी काढायची त्यांना चिंध्या बांधून गेले. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. म्हणले, हिला फूल नव्या फुटीवर येतं, थंडी सरली की छाटा, उन्हाळ्यात फुलं घ्या.

वेल खांबावरून येणाऱ्या वायरीत गुंतला होता. मी म्हणलं मेन बंद करतो, तर म्हणले, "दादा, घरातला मेन बंद केला तरी खांबापासून मीटरपर्यंतची वायर चालूच राहते. लाइनमनला बोलवा, तोवर मी तिकडं हात लावत नाही." मला हे खरंच माहीत नव्हतं. लाइनमन आला, खांबावरून सप्लाय बंद केला, मगच ती बाजू मोकळी केली.

सहा जुन्या खोडांपैकी दोनच बुडातून काढली, बाकी पुढच्या दोन वर्षांत टप्प्याटप्प्यानं काढू म्हणले, म्हणजे खालूनही फूट येते अन भिंतीवरची सावली जात नाही. कापलेल्या फांद्या ओढू दिल्या नाहीत. मधुमालतीचं पान गळलं की देठाचा बुडखा तसाच राहतो अन वाळून काट्यासारखा आकडा होतो, ओढलं की चांगल्या फांद्याही सोबत ओरबाडल्या जातात. मामा हात-दीड हाताचे तुकडे करून एकेक सोडवत होते, अख्खी दुपार त्यातच गेली. एका झुपक्यात बुलबुलचं खोपं निघालं, आत तीन अंडी, तेवढा झुपका सोडून बाकीचं काम केलं.

मोठ्या कापांना बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावली, शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना, एक लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीतच कालवायची, लोखंडी नको. आम्ही हे फक्त मोसंबीच्या खोडाला लावलेलं बघितलं होतं. नंतर भिंतीपासून अर्धा फूट पुढं जीआय तार ताणून वेल त्यावर बांधला, आता मागं हात जातो, भिंत वाळते, रंगही देता येईल.

दोन दिवसांचे दोघांचे मिळून २४०० घेतले. तक्रारी दोनच, सांगितल्यापेक्षा एक दिवस उशिरा आले अन उंच शिडी आणली नाही, ती मला आणावी लागली. पालापाचोळाही उचलून नेत नाहीत, ते आधीच बोलून घ्या, आमच्या घंटागाडीवाल्यानं घेतला नाही मग शेवग्याच्या बुडात पसरला.

एप्रिलमध्ये खालच्या डोळ्यांतून फूट आली आन परवा संध्याकाळी खिडकीच्या उंचीला पहिला घोस उमलला, पांढराशुभ्र, सकाळपर्यंत गुलाबी झाला. आई खुर्ची टाकून तिथंच बसली होती. पुढच्या फेब्रुवारीत मामांनाच बोलवायचं ठरलंय, राहिलेल्या खोडांपैकी दोनांना चिंध्या ते आत्ताच बांधून गेलेत.