रामा रंगाची सायकल, आठ महिन्यांनंतर

बेळगावच्या गणपत गल्लीतल्या एका मॅचिंग सेंटरमध्ये मी १९ वर्षं ब्लाउजपीस दाखवते. गिऱ्हाईक साडीचा पदर काउंटरवर टाकतं, मी ठाण काढते आणि मग आम्ही दोघी उठून दारात जातो. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात जुळेलच असं नाही. हे सगळ्या बायकांना ठाऊक असतं, पुरुषांना नसतं. म्हणून मे महिन्यात धाकटीच्या सायकलीची गोष्ट निघाली आणि आमचे हे म्हणाले, "सायकलीचा काय रंग बघायचा, काळी घे, मळ दिसत नाही," तेव्हा मी काही बोलले नाही. काळ्यावर मळ दिसत नाही म्हणणाऱ्या माणसाने आयुष्यात काळं कापड झटकलेलं नसतं. धूळ, पाण्याचे डाग, बोटांचे ठसे, सगळं काळ्यावरच आधी दिसतं. त्यात आता तो मॅट काळा निघालाय. त्याला पॉलिशही करता येत नाही, घासला की तेवढाच तुकडा चकाकतो.

ह्यांच्या डोक्यात सासऱ्यांची सायकल होती. २८ इंची चाकं, सळईचे ब्रेक, काळा कुळकुळीत रंग आणि नळ्यांवर बारीक सोनेरी रेघ. ती सुंदर होती, मी नाही म्हणत नाही. अगदी जरीच्या काठाची चंद्रकळा. पण तो रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असायचा आणि सासरे दर रविवारी तेलाचं फडकं मारायचे. आता रविवारी फडकं कोण मारणार? मीच.

धाकटीला हवी होती रामा रंगाची, म्हणजे निळसर हिरवी. तिने मोबाइलवर बघून ठेवलं होतं की इटलीत बियांकी म्हणून १८८५ सालापासूनची सायकल कंपनी आहे आणि तिचा स्वतःचा असा एक रंग आहे, चेलेस्ते. "बघ आई, लोक रंगावरून कंपनी ओळखतात." मी फोटो बघितला. तो रामा नव्हे, पिस्ता आणि आकाशीच्या मधला काहीतरी. पण मुद्दा मला पटला, आणि त्यालाही घरचंच कारण आहे. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून आठवीच्या मुलांना फुकट सायकली द्यायला सुरुवात केली, त्यातली एक आमच्या मोठीला मिळाली होती. सायकल चांगली होती. पण शाळेच्या स्टँडवर सगळ्या एकसारख्या, सुटल्यावर अर्धा तास शोधाशोध. मी दुकानातून डाळिंबी काठाची वीतभर पट्टी आणून हँडलला बांधली. महिन्याभरात निम्म्या सायकलींना पट्ट्या. मग मी राणी आणि पोपटी अशी जोडपट्टी बांधली, ती मात्र शेवटपर्यंत एकटीच राहिली.

तर दुकान. खडे बाजारातलं, जुनं. नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे आणि मालकांच्या घरच्या बायका ब्लाउजपीस आमच्याकडूनच नेतात. आत शिरलं की वरून टांगलेल्या सायकलींची चाकं डोक्याला लागतात. कामावरचा पोरगा बेळगावीच, "वहिनी, कलर काय बघायलाय एवढं? चालवायची हाय काय शोकेसला ठेवायची?" मालक गल्ल्यावरून म्हणाले, "बण्ण नोडब्याडरी, फ्रेम नोडरी." म्हणजे रंग नका बघू, फ्रेम बघा. मी म्हटलं, दोन्ही बघणार, त्यासाठी तर डोळे दोन आहेत.

फ्रेमबद्दल त्यांचं बरोबर होतं, तेवढं मान्य करते. मला आवडलेली पहिली सायकल धाकटीला उंच होत होती. सीटवर बसल्यावर तिचे चवडेही टेकेनात. "पोरगी वाढणार की, मोठीच घ्या" असं पोरगा म्हणत होता, जशी काही सायकल म्हणजे शाळेचा फ्रॉक. मालकांनीच त्याला गप्प केलं आणि एक माप लहान, २४ इंची काढायला लावली. त्या मापात रामा रंगाची होती. किंमत ६,८००, घासाघीस करून ६,५००, वर घंटी आणि पुढची जाळी फुकट.

मग मी सायकल रस्त्यावर काढायला सांगितली. पोरगा हसला, पण काढली. उन्हात आणल्यावर दिसलं की फ्रेम रामा आहे आणि चेनकव्हर मात्र पिवळटपणाकडे झुकलेलं. फ्रेम लोखंडाची, कव्हर प्लास्टिकचं. शिवाय लॉट वेगळा. आमच्याकडे एकाच नंबरची दोन ठाणं वेगळ्या लॉटची आली की अस्सेच भांडतात. मी दाखवेपर्यंत मालकांनाही दिसलं नव्हतं. दाखवल्यावर मात्र त्यांनी वाद घातला नाही, गोडाऊनमधून दुसरं कव्हर मागवलं, पुन्हा उन्हात धरलं आणि स्वतःच म्हणाले, "ईग सरी आत." आता जमलं. या एका गोष्टीसाठी दुकानाला माझे पूर्ण मार्क.

तिथेच एक पिवळी-लाल सायकलही होती, झकास दिसत होती. पण बेळगावात पिवळा आणि लाल शेजारी आले की तो नुसता रंग राहत नाही. कन्नड ध्वज होतो. आणि काळ्याचं म्हणाल तर १ नोव्हेंबरला काळ्या दिनाची सायकल फेरी निघते. बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, ते १९५६ सालापासूनचं दुखणं. ह्यांना म्हटलं, तुमच्या काळ्या सायकलीला त्या दिवशी तरी चांगलं काम लागलं असतं. ते हसले नाहीत.

आता तक्रार. त्या पोराने कॅरिअर बसवताना वायसर न घालता नट आवळला आणि मागच्या नळीवरचा रंग पट्टीभर सोलला गेला. घरी आणल्यावर दिसलं. मागचं चाकही जरा आऊट होतं, ते वडगावातल्या मिस्त्रीने तारा ताणून ६० रुपयांत सरळ केलं. पण सोललेली जागा जूनच्या पावसात गंजायला लागली. काळी सायकल असती तर कुठल्याही हार्डवेअरमध्ये छोटा डबा मिळाला असता. रामा रंगाचा डबा कुठे मिळणार? ही वेगळ्या रंगाची खरी किंमत आहे, आणि ती दुकानात कोणी सांगत नाही. शेवटी मी गंज पॉलिशपेपरने घासून काढला, सायकल घेऊन गल्लीतल्या कॉस्मेटिकच्या दुकानासमोर उभी राहिले आणि नेलपॉलिशच्या बाटल्या एकेक करून नळीला लावून बघितल्या. चौथी बाटली जुळली. ४० रुपये. दोन हात मारले, पावसाळा निघाला. शोधून दाखवा म्हटलं तर ह्यांना ती जागा अजून सापडत नाही.

रंग उडालाय का? फ्रेमचा नाही. हँडलच्या मुठी मात्र राणी रंगाच्या होत्या, त्या दिवाळीपर्यंत फिक्या गुलाबी झाल्या. ते अपेक्षितच होतं. आमच्या दुकानात काचेच्या कपाटात पहिल्या ओळीला राणी आणि रेडियमवाले रंग लावले की ऊन त्यांनाच आधी खातं, म्हणून आम्ही तिथे मोतिया ठेवतो. ज्यांना झगझगीत केशरी-पोपटी सायकल घ्यायचीय त्यांनी ती सावलीत उभी करायची सोय आधी बघावी. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, लाल मातीचं. तिकडच्यांनी पांढऱ्याच्या वाटेला जाऊच नये. भावाची पांढरी सायकल पहिल्या पावसाळ्यातच विटकरी झाली होती.

एका बाबतीत मात्र रंगाचा काही उपयोग नाही, तो म्हणजे अंधारात. धाकटीचा क्लास शहापूरला, परत येताना नाथ पै चौकात सात वाजून जातात. मोटारीच्या दिव्यात रामा काय नि काळा काय, सगळं करडं. रेडियमवाला रंगसुद्धा उन्हातलं न दिसणारं किरण शोषून चमकतो, रात्री तो साधा होऊन बसतो. तिथे कामाला येतात ते रिफ्लेक्टर. पुढे पांढरा, मागे लाल आणि पायडलचे पिवळे. पायडलचे खालीवर होतात, म्हणून मागच्या गाडीवाल्याला लांबूनच कळतं की कोणीतरी सायकल मारत चाललंय. आमच्या सायकलीला पायडलचे बसवलेलेच नव्हते. पुन्हा दुकानात जाऊन मागितल्यावर दिले, कुरकुर न करता.

एवढं सगळं असून सायकल रोज बाहेर निघते, हे मी सगळ्यात वर लिहायला हवं होतं. मोठीची सरकारी सायकल शेवटी जिन्याखाली गेली होती. ही मात्र धाकटी स्वतः पुसते, न सांगता, मडगार्डच्या आतूनसुद्धा.

मोठीला आता कामावर जायला सायकल हवीय, तिला वांगी रंग पाहिजे. त्याच दुकानात जाईन. दुपारी, ऊन असताना. कॅरिअर मात्र वडगावच्या मिस्त्रीकडून बसवून घेईन.