लिब्रेऑफिस बेस: चष्म्याच्या दुकानाचा जुना ॲक्सेसचा प्रोग्राम लिनक्सवर नेला, त्याचा रिव्ह्यू

इंदूरला राजवाड्याजवळ आमचं चष्म्याचं दुकान आहे, बाबा चालवतात, मी हिशोब आणि कॉम्प्युटर बघते. २००४ पासून प्रत्येक गिऱ्हाइकाचा नंबर ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधल्या एका प्रोग्राममध्ये होता, ओळखीच्या एका मुलानं तेव्हा करून दिला होता, तो आता इंदूरात नाही. साडेचौदा हजार कार्डं आहेत त्यात. कोणी फुटका चष्मा घेऊन आलं आणि नंबर आठवत नाही म्हणालं की नाव टाकायचं, दोन्ही डोळ्यांचा स्फेरिकल, सिलिंडर, ॲक्सिस (चष्म्याच्या नंबराचे तीन भाग) समोर. फ्रेमी काय कुठेही मिळतात, लोक वीस-वीस वर्षं आमच्याकडेच येतात ते या कार्डांमुळे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. काउंटरवरचा पीसी चौथ्या जनरेशनचा आय-थ्री, विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा, म्हणजे आमचा बसतच नव्हता. मशीन तर ठणठणीत आहे. जेल रोडवरून एसएसडी आणली, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, एका दुपारचं काम झालं. पण ॲक्सेस लिनक्सवर नाहीच, मॅकवरही नाही, ते फक्त विंडोजचं. वाईनमध्ये (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) जुना प्रोग्राम तसाच चालवून बघ असं दोघा-तिघांनी सांगितलं, पण मला ते नकोच होतं, कारण मग डेटा त्याच जुन्या फाइलीत अडकून राहिला असता आणि चार-पाच वर्षांनी परत हीच उस्तवार. म्हणून लिब्रेऑफिस बेस, म्हणजे लिब्रेऑफिसमधला डेटाबेसचा प्रोग्राम. फुकट आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर तेच चालतं, म्हणजे परत कधी मशीन बदललं तरी फॉर्म सोबत येतील.

आधी एक गोष्ट सांगते जी मला कोणी सांगितली असती तर एक आठवडा वाचला असता. बेस उघडून नवीन डेटाबेस करा म्हटलं की तो सगळा डेटा त्या एकाच ओडीबी (बेसची स्वतःची) फाइलच्या आत ठेवायचा पर्याय देतो. ती फाइल म्हणजे खरं तर एक झिप असते, आणि फाइल सेव्ह होते तेव्हा आतला डेटा त्यात परत बांधला जातो. मी तसंच केलं, हजारेक कार्डं टाकून ट्रायल घेत होते, संध्याकाळी लाईट गेली, यूपीएसची बॅटरी संपलेली होती, आणि दिवसभराच्या नोंदी गेल्या. ट्रायलच होती म्हणून निभावलं. त्यानंतर डेटा मारियाडीबी या वेगळ्या डेटाबेस सर्व्हरमध्ये ठेवला, बेसमध्ये फक्त फॉर्म आणि क्वेरी (डेटा शोधायच्या आज्ञा). बेस थेट मारियाडीबीला जोडता येतं, वेगळा ड्रायव्हर शोधावा लागत नाही, आणि आत वर्कशॉपमधल्या दुसऱ्या मशीनवरूनही तेच कार्ड दिसतं, हा फायदा तर मी धरलाच नव्हता. दुकानाचा डेटा असेल तर ओडीबीच्या आत ठेवू नका, एवढं तरी ऐकाच.

आता डेटा काढणं. लिनक्सवरचं बेस ॲक्सेसची एमडीबी फाइल थेट उघडत नाही, ती सोय फक्त विंडोजवरच्या बेसमध्ये आहे. मी एमडीबी-टूल्स वापरले, छोटे छोटे कमांड आहेत, एक टेबलांची यादी देतो, एक रचना, एक सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी टेक्स्ट फाइल) काढतो. झटपट होतं, पण तारखा बघून घ्या. आपण काही सांगितलं नाही तर तारीख महिना आधी आणि वर्ष दोन आकडी अशी बाहेर येते. मारियाडीबी दोन आकडी वर्षात ०० ते ६९ ला २००० च्या पुढचं धरते. आमच्या रामबागेतल्या एक आजी आहेत, जन्म १९३६ चा, त्यांच्या कार्डावर २०३६ आलं. ते योगायोगानं माझ्या नजरेस पडलं, कारण त्यांचं कार्ड मला तोंडपाठ आहे. एक्स्पोर्ट करताना तारखेचा फॉरमॅट आपण द्यायचा, चार आकडी वर्ष, मग काही होत नाही.

सगळ्यात जास्त वेळ फॉन्टनं घेतला आणि यावर कुठे धड लिहिलेलं मला सापडलं नाही म्हणून सविस्तर लिहिते. नावं-पत्ते कृतिदेव या जुन्या हिंदी फॉन्टमध्ये होते, मध्य प्रदेशात सगळीकडे तोच चालायचा. कृतिदेवमध्ये अक्षरं दिसतात देवनागरी पण फाइलीत साठलेली असतात इंग्रजी. मराठी हा शब्द आत छोटा ई, जे, के, मोठा बी, एच असा असतो. फॉन्ट काढला की नुसती इंग्रजी खिचडी. त्यामुळे यादीचा क्रमही इंग्रजी अक्षरांचा लागायचा, आणि ॲक्सेस शोधताना लहान-मोठं अक्षर एकच धरतं, इथे मात्र मोठा बी म्हणजे ठ आणि छोटा बी म्हणजे इ. इतकी वर्षं शोधताना भलतीच नावं का यायची ते मला आत्ता कळलं.

युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, बदलताना नुसतं अक्षराला अक्षर लावून भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी कृतिदेवमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर हवी. रफार उलटा, कृतिदेवमध्ये सगळ्यात शेवटी, युनिकोडमध्ये आधी. पहिल्या फेरीत आमचे सगळे कुलकर्णी "कुलकणीर्" झाले आणि शिंदे "िशंदे". मग ण ला लागलेली वेलांटी ओलांडून रफार पुढे आणायचा असा नियम लिहिला, दोन व्यंजनांचं जोडाक्षर असेल तर दोन्ही ओलांडायचे, असं करत करत चौथ्या फेरीत जमलं. वर काही लोकांची नावं चक्क इंग्रजीतच टाइप केलेली होती, ती कन्व्हर्टरमधून गेली की देवनागरीत काहीतरी निरर्थक उमटतं, आणि हे मशीनला ओळखता येत नाही. साधारण सहाशे कार्डं होती तशी. बाबा आणि मी रात्री जेवणं झाल्यावर बसून एकेक वाचली. बाबांना निम्मी माणसं चेहऱ्यानिशी आठवत होती. अगं हे ते बँकेतले, हे आता नाहीत, याच्या मुलाला मायनस सहा आहे.

फॉर्म परत बनवावे लागले, ॲक्सेसचा फॉर्म, रिपोर्ट, मॅक्रो काहीही इकडे येत नाही. फॉर्म डिझाइन करायला बेस बरं आहे, सबफॉर्म मस्त चालतो, वर गिऱ्हाईक आणि खाली त्याच्या सगळ्या तपासण्या. प्रोग्रामिंगची बेसिक भाषा दिसायला सारखी आहे पण जुना कोड पेस्ट करून चालत नाही, आत ॲक्सेसटूबेस नावाची लायब्ररी येते तिनं थोडा भार कमी होतो. क्वेरीत ॲक्सेसमध्ये स्टार टाकायचो तिथे इथे टक्क्याची खूण. होय-नाहीच्या रकान्यात ॲक्सेसमध्ये होय म्हणजे उणे एक, इथे एक, त्यामुळे "डिलिव्हरी झाली" ची जुनी क्वेरी पहिल्या दिवशी रिकामी आली. आणि एका टेबलला प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारा रकाना) नव्हती तर बेस ते फक्त वाचायला देत होतं, लिहूच देत नव्हतं, त्यात माझी एक संध्याकाळ गेली.

एक गोष्ट चष्मेवाल्यांनी नीट वाचा. नंबर टाकला तर बेस अधिकचं चिन्ह दाखवत नाही, १.५० एवढंच दिसतं. आमच्या धंद्यात प्लस आणि मायनसची चूक म्हणजे काच वाया आणि गिऱ्हाइकाचं डोकं दुखणं. रकान्याच्या फॉरमॅटमध्ये अधिकच्या आणि उण्याच्या आकड्यांसाठी वेगवेगळं रूप देता येतं, ते मी नंबराच्या छापील स्लिपवर आणि फॉर्मवर दोन्हीकडे दिलं, स्लिपवर जरा मोठ्या अक्षरात.

नावडलेलं सांगायचं तर रिपोर्ट. रिपोर्ट बिल्डरला जावा नावाचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं, उघडायला वेळ घेतो आणि आमच्या स्लिपच्या छोट्या कागदावर मार्जिन बसवताना मी रडकुंडीला आले. शेवटी स्लिप लिब्रेऑफिसच्या रायटरमधल्या (वर्डसारखा प्रोग्राम) साच्यातून काढते. हजारोंच्या यादीत फॉर्म थोडा सावकाशही हलतो, त्यासाठी शोधाचं वेगळं खिडकीवजा पान केलंय, आधी नाव, मग तेवढीच कार्डं.

बाबांच्या बोटांना रेमिंग्टनची (जुन्या टाइपरायटरच्या कळांच्या मांडणीची) सवय, कृतिदेवमुळे. मला वाटलं त्यांना इनस्क्रिप्ट ही वेगळी मांडणी शिकवावी लागणार, पण लिनक्सवर हिंदी रेमिंग्टन कीबोर्ड मिळतो आणि टाइप होतं ते युनिकोड. हे बघून ते जे खुश झाले ते मी विसरणार नाही.

रंगपंचमीला राजवाड्यावर गेर (रंग उधळत जाणारी मिरवणूक) निघते, दुकान बंदच असतं, त्या दिवशी शेवटचा डेटा आणून जुना प्रोग्राम बंद केला. रोज रात्री मारियाडीबीचा डंप (सगळ्या डेटाची प्रत) पेनड्राइव्हवर जातो, साधी टेक्स्ट फाइल आहे, कुठल्याही मशीनवर वाचता येईल.

पाचपैकी चार देते, एक रिपोर्टपायी कापला. दहा-पंधरा टेबलांचं छोटं दुकान असेल तर नक्की करा, फक्त वेळ मोजताना फॉर्मला एक आठवडा आणि डेटा साफ करायला तीन धरा. मागच्या गुरुवारी त्या रामबागेच्या आजी आल्या होत्या, बाबांनी "कु" टाकून यादीतून त्यांचं कार्ड काढलं, २००६ पासूनचे सगळे नंबर एकाखाली एक, आणि जन्मसाल १९३६.