प्लेफेअर डिस्प्ले इटॅलिक: आठ महिन्यांचा अनुभव, आणि तक्रार आकड्यांची

फेणीच्या लेबलचं प्रूफ (छपाईआधीचा नमुना) घ्या आणि ‘७५० मिली’ इंग्रजी आकड्यांत कसं उमटलंय ते बघा. सात आणि पाचाचे पाय ओळीखाली लोंबतात, शून्य लहान ‘ओ’एवढं होऊन बसतं. शेजारच्या ‘४२.८%’ची तर तऱ्हाच वेगळी: चार खाली, दोन मध्ये, आठ वर. गिऱ्हाईक म्हणतं, छपाई हललीय. हललेलं काही नसतं. प्लेफेअर डिस्प्ले या इंग्रजी अक्षरांच्या फॉन्टमध्ये, म्हणजे त्याच्या इटॅलिक या तिरक्या रूपातही, असे खालीवर होणारे जुन्या वळणाचे आकडे मुळातच चालू असतात. परिच्छेदात ते लहान अक्षरांत छान मिसळतात. मेन्यूकार्डावरच्या दरांत, फोन नंबरात आणि लग्नपत्रिकेच्या वेळेत घोळ घालतात.

उपाय म्हणजे सगळे आकडे एका उंचीचे, ‘लायनिंग’ करणं: इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये ओपनटाइपच्या मेन्यूतून ‘प्रपोर्शनल लायनिंग’, वर्डमध्ये फॉन्टच्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवर नंबर फॉर्म्स ‘लायनिंग’. सेटिंग पॅराग्राफ स्टाइलमध्येच घाला, नाहीतर प्रत्येक नव्या ओळीला विसराल. ऑनलाइन फुकट साधनांत ही सोय मिळेलच असं नाही. तिथे आकडे सरळ दुसऱ्या फॉन्टात टाका.

सुरुवातीचे तीन महिने शिव्या खाल्ल्या त्या केसासारख्या बारीक रेषांनी. आता मत बदललंय. क्लाउस एगर्स सोरेनसेन यांनी २०११ साली हा फॉन्ट मथळ्यांसाठी काढला, नावातच ‘डिस्प्ले’ आहे. आठ पॉइंटाच्या बारीक अक्षरात पत्ता बसवला तर दोष वापरणाऱ्याचा. फाइलची प्रत करून अक्षर कर्व्हमध्ये (म्हणजे नुसत्या बाह्यरेषेच्या आकारात) बदला आणि सगळ्यात बारीक जागा मोजा: पांढऱ्यावर काळं असेल तर पाव पॉइंट, काळ्यावर पांढरं असेल तर अर्धा पॉइंट तरी हवा. काळ्यावरचं पांढरं शाई पसरून बुजतं. त्यात ते काळं चार रंगांच्या शाया एकावर एक छापून केलेलं असेल आणि रजिस्टर (त्या रंगांची एकमेकांवरची जुळणी) जरा सरकलं, तर लहान ‘ई’च्या (e) पोटातली आडवी रेघ जातेच. खरखरीत हँडमेड कागदावर रेषा तुटतात, सोनेरी फॉइलमध्ये भरून येतात. बाहेरून स्ट्रोक (कडेची रेघ) देऊन जाड करू नका, जाड-बारीकची सगळी मजा जाते. लहान मजकुराला याच घराण्यातला नवा ‘प्लेफेअर’ घ्या. त्यात ऑप्टिकल साइझ आहे, आकार उतरला की बारीक रेषा आपोआप जाड होतात.

इटॅलिक मात्र देखणं. सरळ अक्षर नुसतं कललेलं नाही, लहान ‘ए’ (a) एका पोटाचा होतो. कलून दोन मजल्यांचाच राहिला तर समजा, इटॅलिकची फाइल बसलेली नाही, सॉफ्टवेअर फसवतंय. गोंयच्या पत्रिकांना लागणाऱ्या पोर्तुगीज नावांचे तील (ã वरची लाट) आणि सेदिल्हा (ç खालची शेपटी) नीट येतात. फक्त कॅपिटलवरचा तील वरच्या ओळीला टेकतो, तेव्हा लीडिंग (दोन ओळींतलं अंतर) सैल ठेवा. आणि कृपा करून शेजारच्या देवनागरीला इटॅलिकचं बटण दाबू नका, शिरोरेषेसकट सगळं पडायला आल्यासारखं दिसतं.

पैसे शून्य. खुला परवाना आहे. लेबल, लोगो, पीडीएफ, सगळं चालतं, नुसती फॉन्टची फाइल विकता येत नाही. चार तारे. पाचवा त्या आकड्यांनी खाल्ला.