लहानपणीच्या भीतीचे दोन पिक्चर: ‘स्किनामारिंक’ बघावा की ‘द बाबाडूक’?

अंधार, बंद दार, पलंगाखालची जागा, ‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल’. या भीतीवरचा पिक्चर शोधायला गेलं की ‘स्किनामारिंक’ (2022) आणि ‘द बाबाडूक’ (2014) ही दोन नावं हमखास समोर येतात, आणि दोन्हींवरची मतं टोकाची असतात. एकाला रात्रभर झोप लागत नाही, दुसरा पिक्चर चालू असतानाच घोरायला लागतो. ही मतं वाचताना त्या माणसानं तो कशावर, कधी आणि कुणाबरोबर बघितला एवढं आधी शोधा. ‘स्किनामारिंक’च्या बाबतीत तर निम्मा निकाल तिथंच लागतो.

आधी तोच घेऊ, कारण पैसे आणि रात्र वाया जाण्याचा धोका त्याचाच जास्त. काइल एडवर्ड बॉल या कॅनडाच्या दिग्दर्शकाचा हा पहिला मोठा चित्रपट. स्वतः वाढलेल्या एडमंटनमधल्या घरातच, सुमारे 15,000 अमेरिकी डॉलरमध्ये केलेला. त्याआधी तो यूट्यूबवर लोकांकडून त्यांची वाईट स्वप्नं मागवायचा आणि त्यांवर छोट्या फिल्म बनवायचा. इथलं साल 1995. चार वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची बहीण रात्री उठतात, वडील सापडत नाहीत आणि घराची दारं-खिडक्या नाहीशी व्हायला लागतात. गोष्ट म्हणून सांगण्यासारखं यापुढे फार काही नाही. 100 मिनिटं कॅमेरा छताचा कोपरा, दाराची चौकट, जमिनीवर पसरलेले ठोकळे आणि जुनी कार्टून चाललेल्या टीव्हीचा निळसर उजेड दाखवत राहतो. चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत.

‘काहीच घडत नाही’ ही तक्रार म्हणूनच खरी आहे. भीती येते ती चित्रावर सतत हलणाऱ्या खरखरीत दाण्यांतून. अंधाराकडे बराच वेळ बघत राहिलं की डोळा त्या दाण्यांतून आपोआप आकार जुळवायला लागतो. घरचा टीव्ही नेमका इथं घात करतो. ‘नॉइज रिडक्शन’ चालू असेल तर दाणे पुसले जातात आणि उरतो नुसता काळा पडदा. इको मोड किंवा आपोआप बदलणारा कॉन्ट्रास्ट असेल तर काळोखाच्या प्रसंगात टीव्ही स्वतःचा उजेड आणखी कमी करतो. नेट मंद असलं किंवा डेटा सेव्हर चालू राहिला तर दाण्यांच्या जागी चौकोनी ठिपके नाचतात. त्यामुळं पिक्चर मोड ‘मूव्ही’ किंवा ‘सिनेमा’ करा, नॉइज रिडक्शन, मोशन स्मूदिंग आणि वीजबचत तिन्ही बंद ठेवा, आणि पडद्यात प्रतिबिंब पडणारी ट्यूब मालवा. मोबाईलवर बघणार असाल तर ऑटो ब्राइटनेस बंद आणि हेडफोन हवेतच.

आवाजाचं गणित त्याहून अवघड. मुलं कुजबुजतात, आणि फुल स्पीडवरचा पंखा ती कुजबुज गिळतो. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पंखा बंद करून बसा म्हणणं हा छळ आहे. पावसाळ्यात पत्र्याखाली बसलात तर विषयच संपला. थंडी बरी, पण तेव्हा गळीत हंगाम असतो. घर रस्त्याकडेला असेल तर उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी मध्यरात्रीसुद्धा येतात. हेडफोन घातलात तरी कुजबुज ऐकायला आवाज वाढवू नका, कारण मध्येच दोन-चार ठिकाणी इतका मोठा दणका आहे की कान दुखतील. टीव्हीवरच्या कार्टूनचं संगीत साध्या बोलण्याइतकं येईल एवढाच आवाज ठेवा. अस्पष्ट वाक्यांची इंग्रजी अक्षरं बऱ्याच ठिकाणी पडद्यावरच उमटतात.

‘द बाबाडूक’ला यातलं फारसं काही लागत नाही. बरा टीव्ही, बंद दिवा, झालं. जेनिफर केंटचा हाही पहिलाच मोठा चित्रपट, ऑस्ट्रेलियातला, 94 मिनिटांचा. बाळंतपणासाठी दवाखान्यात निघालेल्या बाईचा नवरा वाटेत अपघातात गेला. तेव्हा जन्मलेला मुलगा आता सहा वर्षांचा आहे. घरात एक चित्रांचं पुस्तक सापडतं आणि त्यातलं भूत घरात शिरतं. भूत बरंचसं कॅमेऱ्यासमोरच्या जुन्या युक्त्यांनी उभं केलंय, म्हणून आजही खोटं वाटत नाही.

इथली ठरलेली तक्रार अशी: ‘पोरगं डोक्यात जातं.’ जातंच. किंचाळतं, शाळेत हत्यारं नेतं, आईला झोपू देत नाही. पण सहा वर्षं धड न झोपलेल्या आईची चिडचिड आपल्याला कळावी म्हणूनच ते तसं लिहिलंय. निम्म्यानंतर बाजू पालटते आणि भीती पोराची न वाटता आईची वाटायला लागते. म्हणून अर्ध्या तासात बंद करून दिलेलं मत फारसं धरू नका. ‘स्किनामारिंक’चं याच्या उलट आहे. त्याचा पहिल्या 20 मिनिटांतला वेग शेवटपर्यंत तोच राहतो. तोवर लय लागली नाही तर खुशाल बंद करा, पुढं काही हाती लागणार नाही.

‘भूत नीट दाखवलंच नाही’ हे वाक्य दोन्हींबद्दल वाचायला मिळेल. ‘बाबाडूक’मध्ये ते पुरेसं दिसतं, तक्रार खरी असते शेवटाची: भुताचा निकाल लागावा ही अपेक्षा तिथं पुरी होत नाही. जुन्या मराठी भयकथांसारखी शेवटची गाठ सुटलेली हवी असेल तर दोन्ही नकोत.

आता कुणाबरोबर. चारजण बसणार असाल, त्यातला एकजण ‘आत्ता काय झालं?’ विचारणारा असेल, तर डोळे झाकून ‘बाबाडूक’. ‘स्किनामारिंक’ एकट्यानं, फार तर दोघांनी, अकरानंतर. लहान मुलांना दोन्ही नकोत. ‘स्किनामारिंक’मध्ये मुलाला स्वतःलाच इजा करायला लावणारा प्रसंग आहे. दिसतं कमी, पण ऐकू येतं. ‘बाबाडूक’मध्ये घरातलं कुत्रं मारलं जातं, आणि आईच मुलावर उठते. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर ‘बाबाडूक’ थोडा पुढं ढकला, तो दुःखावरच आहे.

परदेशी नकोच, असं म्हणणाऱ्यांसाठी तीन नावं. ‘तुंबाड’ (2018) मोठ्यांसाठीच, ‘ए’ प्रमाणपत्राचा; पावसात भिजलेला वाडा, साखळीनं बांधलेली म्हातारी आणि पोरांना झोपवण्यासाठी घेतलं जाणारं हस्तर या राक्षसी देवाचं नाव. सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. विशाल फुरियाचा ‘लपाछपी’ (2017) मात्र आपल्या भागात वेगळाच लागतो: उसाच्या फडातलं एकटं घर, गरोदर बाई आणि लपाछपी खेळणाऱ्या पोरांचे आवाज. विषय स्त्रीभ्रूणहत्येचा, आणि तो थिएटरात आला त्याच वर्षी मार्चमध्ये मिरज तालुक्यातलं बेकायदा गर्भपातांचं म्हैसाळ प्रकरण उघडकीस आलं होतं. घरात कुणी गरोदर असेल तर हा अजिबात लावू नका. आणि वाळवा-पलूसकडं रात्री दुचाकीवरून जायचं असेल तर बघायची वेळ बदला. ऊस तोडीला आला की रस्त्याच्या दोन्ही अंगांना डोक्यावर उभा असतो.

शाळकरी मुलं हट्टच धरून बसली तर आदित्य सरपोतदारचा ‘मुंज्या’ (2024). भीती कमी, हसू जास्त. पिंपळाखालची सुरुवात सोडली तर दहा-बारा वर्षांची मुलं आरामात बघतात. तरी दुपारीच लावा, म्हणजे रात्री संडासला सोबत जावं लागणार नाही.