जबड्याचं फ्रॅक्चर: तारा बांधायच्या की प्लेट टाकायची?

खालचा जबडा मोडलेला माणूस दात एकमेकांवर टेकवून बघतो आणि म्हणतो, "पूर्वीसारखे बसत नाहीत." हे वाक्य एक्स-रेइतकंच मोलाचं आहे. उपाय कुठलाही निवडा, दात आधीसारखे जुळवायचे आणि हाड भरून येईपर्यंत ते तसेच धरून ठेवायचे, एवढंच साधायचं असतं.

तारांच्या पद्धतीत दातांवर आर्च बार, म्हणजे दातांच्या रांगेला लावायची धातूची पट्टी, बसवून वरचा आणि खालचा जबडा तारांनी किंवा रबरांनी एकमेकांना बांधतात, साधारण 4 ते 6 आठवडे. चीर नसते, त्यामुळे नसांना धक्का लागण्याची भीती कमी, आणि बऱ्याचदा जागेवर भूल देऊनही काम होतं. त्रास पुढे सुरू होतो. सगळं पातळच घ्यावं लागतं, वजन उतरतं, ब्रश आतपर्यंत पोचत नाही, तारेचं टोक गालाला आतून टोचत राहतं. उलटी झाली तर श्वास कोंडू शकतो, म्हणून तार कापायचा कटर रात्रंदिवस हाताशी हवा. नेमक्या कुठल्या तारा कापायच्या हे घरच्यांनी डॉक्टरांकडून प्रत्यक्ष बघून घ्यावं. फिट्स येणाऱ्या, फुफ्फुसाचा गंभीर आजार असलेल्या किंवा दारू न सुटलेल्या माणसाचा जबडा बांधून ठेवणं मला धोक्याचं वाटतं. तारा काढल्यावर सांधा आखडलेला असतो, तोंड पूर्ण उघडायला व्यायाम करावे लागतात.

प्लेटसाठी पूर्ण भूल लागते. टायटॅनियमची छोटी प्लेट स्क्रूने हाडावर बसवतात आणि त्रास दिला नाही तर ती कायम आतच राहते. तोंड लगेच उघडता येतं, म्हणून लोक लगेच चावायलाही लागतात. ते चूक आहे. काही आठवडे मऊच खायचं. आणखी एक गोष्ट आधीच समजून घ्या: बांधलेल्या जबड्यात दात थोडे सरकले तर रबरं बदलून सुधारता येतात. प्लेट तिरकी बसली तर ती चूक हाडात पक्की होते आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागू शकतं. म्हणूनच स्क्रू घट्ट करण्याआधी दात जुळवून धरणं फार महत्त्वाचं.

प्लेट तोंडातून टाकायची की बाहेरून? तोंडातून टाकली तर चेहऱ्यावर व्रण राहत नाही. पण जागा अरुंद, आणि टाके लाळेत भिजत राहतात. हनुवटीजवळची नस ताणली गेली तर खालचा ओठ बधिर होतो, पाणी ओघळलेलंही कळत नाही. पुष्कळदा हा बधिरपणा फ्रॅक्चरमुळेच आलेला असतो. तो ऑपरेशनआधी तपासून केसपेपरवर लिहून घ्या. बाहेरून करताना जबड्याच्या कडेखाली दीड-दोन सेंटिमीटरवर चीर घेतात, कारण खालचा ओठ हलवणारी बारीक नस कडेलगत असते. ती दुखावली तर हसताना ओठ एका बाजूला वाकडा दिसतो. बहुतेकांचा काही महिन्यांत सुधारतो. हाडाचा चुरा झाला असेल, किंवा सगळे दात पडून जबडा बारीक झाला असेल, तर मात्र बाहेरून मोठी, जाड प्लेटच हवी. तिथे व्रणाचा विचार मागे ठेवावा.

जंतुसंसर्ग, प्लेट सैल होणं, हाड न जुळणं ही गुंतागुंत अक्कलदाढेमागच्या कोनात जास्त दिसते. सिगारेट ओढणाऱ्यांत ती आणखी वाढते, मग प्लेट कितीही चांगली असो.

माझं मत सरळ आहे. हाड सरकलेलं नाही, दात पुरेसे आहेत आणि नीट जुळतात, तर तारा पुरतात. कधी नुसत्या मऊ आहारावर आणि नियमित तपासणीवरही भागतं. हनुवटीजवळ किंवा बाजूला हाड सरकलं असेल आणि माणूस प्रौढ असेल, तर मी तोंडातून प्लेट निवडेन.

कानापुढच्या सांध्याजवळचं फ्रॅक्चर वेगळं. तिथे चेहऱ्याची मुख्य नस वाटेत येते आणि चीर घेऊन ते उघडावं की नाही यावर सर्जनांचंही एकमत नाही. हाड फार सरकलं किंवा जबडा एका बाजूने आखूड झाला तर उघडण्याकडे कल असतो. लहान मुलांत मात्र शक्यतो चीर टाळतात: त्यांचं हाड वाढताना स्वतःला पुन्हा आकार देतं. पण सांधा जास्त दिवस बांधून ठेवला तर तो जाम होऊ शकतो, म्हणून मुलाला दुखत असलं तरी तोंड उघडण्याचा व्यायाम लवकर सुरू करून घ्यावा लागतो.