पेंट बूथचे अकरा महिने: धूळ गेली, पाण्यानं पाठ सोडली नाही

गुढीपाडव्याला पेंट बूथ, म्हणजे गाडी रंगवायची आणि रंग भाजायची बंद खोली, सुरू केला, आता पुढचा पाडवा तोंडावर आलाय. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं डेंटिंग-पेंटिंगचं लहान गॅरेज आहे. महिन्याला 25-30 गाड्या होतात, त्यातल्या बहुतेक एक-दोन पॅनेलच्या. "बूथ घेऊ का?" असं धंद्यातले बरेच जण विचारतात, आणि फोनवर पाच मिनिटांत ते सांगून होत नाही.

आमचा बूथ डिझेल बर्नरचा, डाउनड्राफ्ट. म्हणजे गाळलेली हवा छतातून खाली उतरते, गाडीवरून वाहत जमिनीतल्या जाळीतून खड्ड्यात जाते आणि तिथून चिमणीनं बाहेर. उडालेला रंग सोबत खाली ओढला जातो, परत पॅनेलवर बसत नाही.

आधी आम्ही शेडच्या कोपऱ्यात ताडपत्री बांधून, जमिनीवर पाणी मारून रंगवायचो. आमचे रंगारी उस्ताद पहाटे साडेपाचला यायचे, कारण रस्ता जागा झाला की धूळ उठायची. एवढं करूनही क्लिअरमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, कणी बसायचीच. मग 1500 आणि 2000 चा वॉटर पेपर, कंपाउंड, पॉलिश. एका बॉनेटमागे हाताखालच्या पोराचा अर्धा दिवस जायचा. आता एखाद-दुसरी कणी सापडते, तेवढीच घासायची. क्लिअर मारून पत्रा 60 अंशांवर अर्धा तास भाजला की संध्याकाळी फिटिंग सुरू. सकाळी मास्किंग केलेली गाडी त्याच दिवशी घरी गेली, असं आमच्याकडे पूर्वी कधी झालं नव्हतं. धूळ आणि वेळ, या दोन गोष्टींसाठी बूथला मी पूर्ण मार्क देतो.

पाण्याचं मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

बसवणाऱ्यांनी खड्ड्याचा नकाशा दिला, लांबी-रुंदी-खोली दिली. जमिनीत पाणी किती वर येतं, हे विचारलं नाही. आमच्याही डोक्यात आलं नाही, हे खरं. जुलैत चार दिवस झड लागली आणि पाचव्या दिवशी जाळी उचलली तर खाली वीतभर पाणी. पंप लावून उपसलं, दुसऱ्या दिवशी परत तेवढंच. ओला खड्डा म्हणजे बूथमध्येच दमटपणा. टूके म्हणजे दोन भाग मिसळून वापरायचं क्लिअर; त्यातला दुसरा भाग, थर कडक करणारा हार्डनर, ओलाव्याशी भिडला की त्यातून वायू सुटतो आणि क्लिअरमध्ये बारीक बुडबुडे राहतात. एका दारावर तसंच झालं, सगळं उतरवून परत करावं लागलं. शेवटी सगळे फिल्टर काढून खड्डा कोरडा केला, आतून वॉटरप्रूफिंग करून घेतलं, कोपऱ्यात एक छोटी टाकी खोदून तरंगत्या स्विचचा पंप बसवला. बारा दिवस काम बंद. ज्यांच्या जागेत पावसाळ्यात पाणी वर येतं, त्यांनी खड्डा खणूच नये. लोखंडी चौथऱ्यावरचा, रॅम्प चढून आत जायचा बूथ मिळतो, तो घ्यावा. उंची जास्त लागते, पण जीवाला घोर नाही.

दुसरं पाणी रंगाच्या गनला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचं. ऑगस्टमध्ये एका काळ्या क्रेटाच्या बॉनेटवर फिश आय उठले. रंग गोल मागे सरकून मसुराएवढे खळगे, एक-दोन नव्हे, पन्नासेक. उस्ताद म्हणाले, पोरानं शेजारच्या गाडीला डॅशबोर्ड पॉलिश मारलं असणार, सिलिकॉन उडालं. मीही पोराला नको ते बोललो. तो खाली मान घालून ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी गनचा पाइप सोडवला, जुन्या गाडीचा आरसा त्याच्यासमोर धरला आणि मिनिटभर नुसती हवा सोडली. आरशावर ठिपके. बोटानं पुसले तर चिकट. "मालक, पाणी येतंय. तेलाचं पाणी." त्या संध्याकाळी मी पोराची सगळ्यांसमोर माफी मागितली.

कारण साधं होतं. कॉम्प्रेसरच्या टाकीतून निघणारी हवा गरम असते, तिच्यातली वाफ पुढे पाइपात थंड होऊन पाणी बनते. हवेतलं पाणी वेगळं करणारा आमचा सेपरेटर कॉम्प्रेसरला चिकटून होता, म्हणजे पाणी बनायच्या आधीच हवा त्यातून निघून जायची. आता हवा थंड करून तिच्यातलं पाणी काढणारा रेफ्रिजरेटेड ड्रायर घेतला, लाइनला उतार दिला, खाली उतरणारा प्रत्येक फाटा मुख्य पाइपच्या वरच्या अंगानं काढला आणि सेपरेटर बूथच्या भिंतीवर नेला. पिस्टनच्या रिंगाही बदलल्या. टाकीचा ड्रेन सकाळ-संध्याकाळ उघडायचा आणि पहिल्या गाडीआधी आरसा धरायचा, हा नेम झालाय. त्यानंतर एकही फिश आय नाही. नवीन माणसाला मी सांगेन, पैसे कमी असतील तर आधी ड्रायर घ्या, मग बूथ.

फिल्टरबद्दल दुकानदार काहीही सांगोत, बूथच्या दाबाच्या मीटरकडे बघा. खालचे फिल्टर रंगानं तुंबले की आत दाब वाढतो, रंगाचं धुकं ट्यूबलाइटपाशी घुटमळतं आणि दाराच्या फटीतून वास येतो. वरचे तुंबले तर उलटं होतं, बूथ बाहेरची धूळ दारातून आत ओढतो. आमचे खालचे महिन्याला बदलतात, छताचे आठव्या महिन्यात बदलले. ते बदलताना आदल्या दिवशी बूथ धुऊन घ्यायचा आणि त्या दिवशी रंगकाम ठेवायचं नाही.

बूथ तापवून एकदा रंग भाजायला सहा-सात लिटर डिझेल जातं. म्हणून एका बंपरसाठी भट्टी पेटवत नाही, दिवसभराचे सुटे पार्ट एकत्र भाजतो. सीएनजीची गाडी भट्टीत घालतच नाही, पार्ट काढूनच करतो. विजेचा लोड वाढवावा लागला, तो खर्च कोटेशनमध्ये नव्हता.

आता मास्क. उस्ताद तीस वर्षं तोंडाला रुमाल बांधून रंग मारत आलेत. बूथ आल्यावर म्हणाले, आता हवा खेळती आहे, मास्क कशाला? पण टूके क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्यानं दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे त्याचा थोडासा संपर्कही छातीला सोसत नाही. रुमालानं ते थांबत नाही, आणि नुसत्या वासावरून धोका कळत नाही. दिवाळीत उस्तादांचा रात्रीचा खोकला थांबेना, तेव्हा त्यांच्या मुलीनंच मला फोन केला. बाहेरून गाळलेली हवा पुरवणारा पूर्ण चेहऱ्याचा मास्क आणला. पहिला आठवडा कुरकुर केली, काच धूसर होते म्हणाले. आता गन हातात घ्यायच्या आधी तोच चढवतात, आणि मिक्सिंगला उभ्या राहणाऱ्या पोरालाही कार्ट्रिजचा मास्क घातल्याशिवाय हार्डनरचा डबा उघडू देत नाहीत.

मे महिन्यात खड्ड्याला आणखी एक हात वॉटरप्रूफिंगचा द्यायचाय. छताच्या फिल्टरचा एक सेट आधीच आणून कोरड्या खोलीत ठेवलाय.